जोत्याचे दगड

वडील पहिल्यांदा माझ्याकडे मॉन्ट्रियलला आले, त्या उन्हाळ्यात ते फ्लॅटमध्ये बसून कंटाळले. म्हणून मी सुट्टी काढली आणि त्यांना गाडीने पूर्व किनाऱ्यावरच्या केप ब्रेटन बेटावर नेलं. तिथे लुईसबर्ग आहे, फ्रेंचांच्या जुन्या वसाहतीचं बंदर-शहर. इंग्रजांनी ते जिंकलं, लोकांना जहाजांत घालून परत पाठवलं आणि तटबंदी सुरुंग लावून उडवली. थोडा भाग आता पुन्हा बांधलाय. बाकी समुद्राकाठच्या गवतात घरांची जोती तेवढी दिसतात.

आम्ही रेवदंड्याचे. आमची नारळ-सुपारीची वाडी पोर्तुगीजांच्या पडक्या कोटाच्या आतच आहे, त्यामुळे वडिलांना यात काही नवल वाटेना. पाय दुखायला लागले तसे ते एका भिंतीवर टेकले. आम्हाला फिरवणारी गाइड मुलगी नम्रपणे म्हणाली, इथे बसू नका. ते उठले आणि मला म्हणाले, "तिला सांग, आमच्या घराचं जोतं अशाच दगडांचं आहे. कोटाच्या पडक्या भिंतींतून मीच बैलगाडीने आणले."

मी तिला एवढंच सांगितलं, की आमच्या गावातही असे अवशेष आहेत.

मोटेलवर चहा पिताना त्यांनी विचारलं, दगडांचं ऐकून ती काय म्हणाली? मी खरं ते सांगितलं, की तिला दगडांचं बोललोच नाही. त्यांनी उरलेला चहा संपवला. सकाळी मात्र, परतीला लागण्याआधी पुन्हा तिथे जायचं म्हणाले.

धुकं होतं. ती मुलगी तिकीटखिडकीपाशीच भेटली. वडिलांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातांनी ओझं उचलल्यासारखं करत, आपलं घर कसं बांधलं ते तिला स्वतःच सांगितलं. मी बाजूला उभा होतो. ती रागावली नाही. म्हणाली, इथलेही दगड लोकांनी बोटी भरभरून नेले, दुसऱ्या गावांत घरं बांधायला. मग तिने विचारलं, सांधे कशाने भरले? चुन्याला इंग्रजीत काय म्हणतात ते वडिलांना आठवेना. ते मी सांगितलं, आणि त्यांचं पुढचं सगळं बोलणंही.

 गाडी हायवेला लागल्यावर त्यांनी विचारलं, "तुला त्या घरात राहायची लाज वाटायची का रे?"

मी नाही म्हणालो. ते खरंच होतं. लाज वाटली ती आदल्या दिवशी, त्या मुलीसमोर, दगड कोटातून आणल्याची, आणि तेवढीच. पण हे काही मी त्यांना सांगितलं नाही.