राणीचे टाके

दस्तगीरभाई गेल्याचं मला शाहूपुरीत सायकलला हवा भरताना कळलं. टांग्याच्या अड्ड्यावरचा एकजण लांबूनच ओरडला, "डॉक्टर, आपलं दस्तगीरभाई गेलं की!" हवा भरायची राहिली. सायकल हातात धरून मी घरापर्यंत चालत गेलो. त्याला आता सहा आठवडे होतील.

मी जनावरांचा डॉक्टर, ते टांगेवाले. ओळख झाली ती त्यांच्या घोडीच्या शिंगरामुळे, राणीमुळे. आईला लुचली की दूध नाकावाटे बाहेर यायचं. तोंडात बोट घातलं तर टाळू मागच्या बाजूला दुभंगलेली. दूध फुप्फुसात जाऊन ती दगावणार, हे मला दिसत होतं. "सुई देऊन मोकळी करू," मी म्हणालो. दस्तगीरभाई उखडलेच. "जगाया आलीया ती, मराया न्हाय!" मग ते घोडी पिळायचे आणि मी नाकातून नळी घालून दूध थेट पोटात सोडायचो. असे दोन महिने गेले. त्या तबेल्यात बसून त्यांच्याशी जेवढं बोललो, तेवढं मी सख्ख्या भावाशीही बोललेलो नाही. पुढे राणी खाली मान घालून चारा खायला शिकली. नाक वाहायचं, ठसका लागायचा, पण जगली.

तिथं मला दुर्बुद्धी सुचली... टाळू शिवायची. घोड्याचं तोंड लांब नि अरुंद, आत हात पोचत नाही, म्हणून खालचा जबडा हनुवटीपाशी चिरून उघडावा लागतो, असं वाचलं होतं. टाके बहुतेक वेळा सुटतात, हेही त्याच पानावर होतं. पण कोल्हापुरात हे कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं ना! "खातीया की ती. कशाला फाडताय?" दस्तगीरभाई म्हणाले. मी हट्ट सोडला नाही.

शस्त्रक्रियेनंतर पुन्हा नळी सुरू झाली. सातव्या दिवशी मला टाके सैल झालेले दिसले. मी गप्प बसलो. आठव्या दिवशी अड्ड्यावरची मंडळी राणीला बघायला आली. आजाऱ्याकडे आपली माणसं रिकाम्या हातानं कशी येतील? कुणीतरी आणलेला गुळाचा खडा दस्तगीरभाईंनी लाडानं तिला चारला. संध्याकाळी टाके पार उसवले. "तोंडातून काही द्यायचं नाही, म्हटलं होतं ना!" मी त्यांच्यावर ओरडलो. चार दिवसांत फुप्फुसं भरून राणी गेली. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. "माज्या हातनं गेली ती," एवढंच म्हणायचे, वर्षानुवर्षं... आणि मी समोर बसून चहा प्यायचो. फार आठवण येते त्यांची, आणि आली की हेच आधी आठवतं.

परवा त्यांच्या घरून निरोप आला, धाकटी घोडी व्याली म्हणून. गेलो. शिंगराच्या तोंडात बोट घातलं, टाळू सलग होती. त्यांच्या पत्नी, भाभी, दाराशी उभ्या होत्या.

"डॉक्टर, बाळंत घोडीला समदी गूळ देत्यात. ह्यांनी राणी गेल्यापास्नं कुठल्याच घोडीला दिला न्हाय. आता मी दिऊ का?"

"द्या भाभी. राणीचे टाके गुळानं नव्हते सुटले. आदल्या दिवशीच सैल झाले होते. मला ठाऊक होतं."

भाभींनी आतून गुळाचा खडा आणून घोडीपुढं धरला. मग म्हणाल्या,

"ह्ये त्यास्नी सांगायचं होतं की, डॉक्टर."