ओला पारा, कोरडा पारा

माझ्या बायकोच्या मामांइतका हवेवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही. नोकरी सिद्धेश्वर धरणावर हवामानाच्या नोंदी घेण्याची. निवृत्त झाले तरी वेड सुटलं नाही. आखाडा बाळापुरात आमच्या शेजारी राहायला आले आणि अंगणात झडपांची पांढरी लाकडी पेटी उभी केली. आत दोन तापमापक. एक नुसता, दुसऱ्याच्या बुडाला ओलं मलमलचं कापड. रोज सकाळी साडेआठला मामा दोन्ही आकडे वहीत उतरवायचे. कापडातलं पाणी उडतं म्हणून ओला पारा खाली राहतो. दोघांत अंतर जितकं कमी, तितकी हवा दमट. हे त्यांनी मला, दूधवाल्याला आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही समजावलं होतं.

"आज हळद वाळायला टाकू नका, हवेचंच पोट भरून राहिलं," असं ते सांगायचे आणि शेतकरी ऐकायचेही. एका लग्नात मात्र कहर केला. बंदिस्त कार्यालयात कूलर घरघरत होते, ते मामांनी उठून एकेक करून बंद केले. "अजून पाणी काहून सोडता हवेत? घाम वाळायला जागा तर ठेवा." वरपक्ष तापला. मामा शांतपणे खिडक्या उघडत फिरले.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नांदेडला जाताना त्यांनी वही माझ्या हातात दिली. "जावईबापू, एकबी दिवस खंड न्हाई पडलेला. चार दिवस सांभाळा." पहिल्या दिवशी मी पेटी उघडली. उरलेले तीन दिवस, खरं सांगतो, आळस केला आणि अंथरुणातूनच आकडे ठोकून दिले.

मामा परतले ते डोळ्यावर पट्टी घेऊन. म्हणाले, वाचून दाखवा. मी वाचत गेलो. शेवटच्या दिवशी मी ओला पारा कोरड्याच्या वर चढवून ठेवला होता. असं कधीच होत नाही, हे मला वाचताना उमगलं. त्यांना ऐकताक्षणीच.

"लिहिलंय तेच वाचलं का?"

"हो, मामा."

"बरं," म्हणाले आणि मामींना चहा टाकायला सांगितला.

माफी आज मागू, उद्या मागू करत राहून गेली आणि गेल्या थंडीत मामाच गेले. परवा मामींनी वह्या आणून दिल्या. मी ते पान शोधलं. चारही ओळींवर रेघ मारलेली. पहिली खरी होती, तीही गेली. बाजूला त्यांच्या अक्षरात होतं : 'निरीक्षक गावाला गेले. नोंद नाही.' इतकी वर्षं जपलेला क्रम त्यांनी स्वतःच्या गैरहजेरीच्या नावावर मोडून घेतला होता. माझं नाव कुठेच नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं, असं मला फार वाटतं.