संपासाठी घातलेलं गाऱ्हाणं

देशभरातल्या मास्तरांनी संप पुकारला तेव्हा मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात होतो. दिल्लीकडच्या मास्तरांचा आणि आमच्या मालवणच्या मास्तरांचा काय संबंध, ते आम्हाला कळलं नव्हतं. पण त्यांच्यामुळे बीजगणिताचा तास बुडतोय म्हटल्यावर ती माणसं आम्हाला एकदम सख्खी वाटू लागली.

मास्तर रोज वेळेवर यायचे. धुतलेलं धोतर, काळा कोट, काखेत छत्री, सगळं नेहमीचं. फक्त फाटकातून आत न जाता समोरच्या आंब्याखाली चटईवर बसायचे. शिपाई सवयीने घंटा द्यायचा. घंटा झाली की गणिताचे मास्तर ताडकन उठायचे आणि बाकीचे त्यांना कोटाला धरून खाली बसवायचे. आम्ही पोरं कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यावर बसून ही गंमत बघायचो.

असलं सुख टिकायचं तर देवाच्या कानावर घालायला हवं. आमच्याकडे म्हैस व्यायची असली तरी देवळात गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला मागणं सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तो होकार आला नाही तर मागणं वर पोचतच नाही. माझा आवाज मोठा आणि अक्कल त्या मानाने बेताची, म्हणून शाळेजवळच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान वर्गाने मला दिला.

"बा देवा म्हाराजा," मी छाती फुगवली, "आज ही तुझी लेकरां तुझ्या पायांकडे जमली आसत. मास्तरांचो संप शिमग्यापर्यंत चलांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"परीक्षेचा नाव जो कोण काढीत, त्येची वाचा बसांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या खेपेला होकारात एक जाडा आवाज मिसळला. वळून बघतो तर मागे वडील. दुकान उघडण्याआधी देवाला नारळ ठेवायला आले होते.

ते रागावले नाहीत, तिथेच माझा घात झाला. मुंबईच्या मामांनी मला छापखान्यात चिकटवायचं केव्हाच ठरवलं होतं आणि वडीलच त्यांना मॅट्रिकपर्यंत थोपवून धरत होते. जेवताना ते शांतपणे म्हणाले, "देवान तुजा आयकल्यान. शाळा शिमग्यापर्यंत बंद. मगे घरात बसान काय करतलंस? आयतवारच्या आत शाळा उघडली तर ऱ्हव. नाय तर मुंबयच्या बोटीत बस."

दुसऱ्या दिवसापासून मी गडग्यावरून मास्तरांकडे न बघता शाळेकडे बघायला लागलो. खिडकीतून भूगोलाचा नकाशा दिसायचा. ओल चढून त्यातला अरबी समुद्र पार घाटावर पोचला होता. त्या नकाशासमोर मी कितीदा अंगठे धरून उभा राहिलो होतो, आणि आता वाटत होतं, कुणीतरी आत बोलवावं आणि पुन्हा तशीच शिक्षा द्यावी.

घातलेलं गाऱ्हाणं उलटं फिरवायचं तर दुसरं घालायला हवं. मी वर्गाला गोळा करून अडचण सांगितली. माझ्या बाकावरचा मित्र म्हणाला, "शाळा उघडांदे म्हणान आमी व्हय म्हणू? तुका खूळ लागला काय रे?" आणि सगळे पोहायला निघून गेले.

होकार देणारं कुणीच उरलं नाही, तेव्हा मी थेट आंब्याखाली गेलो. माझ्या गाऱ्हाण्याला तुम्ही 'व्हय' म्हणा, असं मास्तरांना विनवलं. हेडमास्तर म्हणाले, शाळा उघडू दे असं आम्ही मागणं म्हणजे आपणच संप फोडणं. मी खाली मान घालून निघालो, तर गणिताच्या मास्तरांनी हाक मारली.

"अरे, मांडणी चुकतेय तुझी. आधी पक्ष, मग साध्य. मास्तरांच्या मागण्या मान्य होऊ देत, हा पक्ष. म्हणून शाळा उघडू दे, हे साध्य. आता म्हण."

मी देवळाकडे तोंड करून म्हटलं. सगळे मास्तर चटईवरून उठले, वहाणा काढल्या आणि गंभीरपणे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. इंग्रजीचे ख्रिस्ती मास्तरही छातीवर क्रूस काढून म्हणाले. सहा वर्षांत माझ्या एकाही उत्तराला मास्तरांनी असा होकार दिला नव्हता.

रविवार आला, शाळा उघडली नाही. पुढे संप मिटला तेव्हा मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होतो. मॅट्रिक झालो तोही रात्रशाळेतून. पण शाळा म्हटलं की मला आठवते ती बोटीवरून दिसलेली.

त्या रविवारी किनाऱ्यावरून पडावात बसून मुंबईच्या बोटीवर चढलो आणि कठडा धरून उभा राहिलो. इतकी वर्षं शाळेतून समुद्र बघितला होता, समुद्रातून शाळा पहिल्यांदाच बघत होतो. कौलं दिसली. मिटलेल्या खिडक्या दिसल्या. आंब्याखाली पांढरे ठिपके दिसले; रविवारीही मास्तर येऊन बसले होते की मीच त्यांना तिथे बसवलं, आज सांगता येत नाही.

शेजारी ट्रंकेवर बसलेल्या बाईंनी विचारलं, "घर दिसता काय रे, झिला?"

आमचं घर माडांच्या पाठीमागे, समुद्रातून ते दिसायची सोयच नव्हती.

"दिसता," मी म्हटलं.

बोटीने तोंड फिरवलं तशी शाळा सरकायला लागली. मी कठड्याला धरून तिच्याबरोबर मागे मागे जात राहिलो, बोटीचं टोक संपेपर्यंत.