सुमाताईचा कॉम्प्युटर आणि माझं ‘बघतो’

सुमाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कचेरीत जायला निघालो होतो. तिच्या शेजारच्या वहिनी रडत सांगत होत्या, दूधवाल्याने हाका मारल्या, दार उघडेना... आणि लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो तिच्या कॉम्प्युटरचा. आता त्याचं काय झालं म्हणून विचारणारं कोणी नाही, असा. क्षणभर हायसं वाटलं. त्याला पाच आठवडे झाले. त्या क्षणाची आठवण झाली की अजून जेवण जात नाही.

सुमाताई माझी चुलत बहीण, सोळा वर्षांनी मोठी. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, नाचणे गावातल्या दोन खोल्यांत एकटी राहणारी. गेली सहा वर्षं ती आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती तयार करत होती. जुन्या आवृत्तीत मुलग्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या सविस्तर, आणि मुलींची बोळवण एका ओळीत, अमक्या गावी दिली. “दिली म्हणजे काय रे? भांडं आहे का ती?” असं म्हणत ती एसटीने पूर्णगडला, मंडणगडला, कुठे कुठे जायची. त्या लेकी काय शिकल्या, काय करायच्या, त्यांची मुलंबाळं कोण, सगळं वहीत उतरवून आणायची आणि तेरा वर्षांच्या जुन्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करायची.

तो चालू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. फाइल उघडली की आतला पंखा घरघरायचा, मधेच सगळं गोठायचं. गेल्या गणपतीनंतर तिने मला बोलावून सरळ विचारलं, “विनू, यातच काही नवं बसवायचं की दुसरा घ्यायचा? पंधरा हजारांच्या वर माझी धाव नाही. औषधं आहेत, कौलं बदलायची आहेत. तू सांगशील तसं करू.”

मी कचेरीच्या संगणक कक्षात आहे, म्हणून नातेवाइकांच्या लेखी मी कॉम्प्युटरवाला. खरं तर मी तिथे नोंदी भरतो. खोक्याच्या आत काय असतं ते मी कधी उघडून पाहिलेलं नाही. त्यात तिचं सगळं लेखन जुन्या फॉन्टमधलं. आमच्याकडे मशिनं बदलली तेव्हा अशाच फॉन्टमधली पत्रं उघडली, तर नुसत्या वेड्यावाकड्या खुणा! ते मला आठवलं. नवा घ्यायला सांगितला आणि तिच्या सहा वर्षांच्या अशा खुणा झाल्या तर? जुन्यातच काही घालायला गेलो आणि होतं तेही गेलं तर? ‘मला यातलं कळत नाही, दुसऱ्या कुणाला दाखव,’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, “बघतो.”

दिवाळीत बघतो म्हणालो, शिमग्यानंतर बघतो म्हणालो. फोनवर तिचं नाव दिसायचं. पुष्कळदा मी तो नुसता वाजू दिला. वहिनींनी तिला एकदा सुचवलंही होतं की बाजारात दाखवून आणा. त्यावर ती म्हणाली, “आमचा विनू आहे ना घरचा. त्याला डावलून बाहेरच्याला दाखवलं तर वाईट वाटेल त्याला.” हे वहिनींनी मला सांगितलं ते दहाव्या दिवशी.

शेवटची भेट मे महिन्यातली. दारातच तिने हाक दिली, “या, बघतोसाहेब! मेल्या, तू बघेपर्यंत आमच्या लेकींच्या नाती म्हाताऱ्या व्हायच्या.” मी हसलो. मशीन चालू व्हायची वाट बघत आम्ही आंब्याची साठं खात बसलो. मग ती म्हणाली, “एकवीस जणी राहिल्यात रे. पूर्वी दिवसाला एक व्हायची, आता आठवड्याला एक होते. हा मधेच बसतो, मग मीही बसते.” बोलताना तिला धाप लागत होती. मला ते दिसत होतं... मी खोक्याकडे बघत राहिलो, जसं काही बाहेरूनच कळणार होतं. “पुढच्या रविवारी नक्की,” म्हणालो. त्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तेरावं झाल्यावर मी मारुती मंदिरापाशी दुरुस्तीचं काम करणाऱ्या नाझनीनला घेऊन सुमाताईच्या घरी गेलो. तिने खोका उघडला, कान लावला. “काका, डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. आधी हिची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर घेते, म्हणजे फॉन्टबिंट काही हलणार नाही. मेमरीपण वाढवू.”

ती नक्कल होत असताना मी सुमाताईच्या पलंगाच्या कडेला बसून आकडे बघत होतो. एकसष्ट टक्क्यांवर आकडा अडला. नाझनीन शांतपणे चहा पीत होती. मग आकडा हलला. दोन तासांत काम झालं, पंधरा हजारांच्या निम्मेही लागले नाहीत. फाइल उघडली, अक्षरन्‌अक्षर जागेवर.

“हे आठ महिन्यांपूर्वी झालं असतं?” मी विचारलं.

“तेव्हा तर आणखी सोपं होतं. थांबायला कोणी सांगितलं तुम्हाला?”



आता दर रविवारी मी तिथे बसतो आणि तिच्या वह्यांतून राहिलेल्या लेकी उतरवतो. पण पहिल्या रविवारी माझा हातच चालेना. पहिल्या पानावर तिने ऋणनिर्देश आधीच लिहून ठेवला होता. त्यात शेवटी आहे : ‘संगणकाची सगळी काळजी माझा धाकटा भाऊ विनायक याने वाहिली. तो नसता तर हे काम झाले नसते.’ किती वेळा ते पुसायला बोट पुढे केलं... तिचं वाक्य पुसायचा मला अधिकार नाही, आणि ते तसंच छापून येऊ द्यायची हिंमतही नाही. म्हणून खरं काय ते इथे लिहिलं. पुस्तक हातात पडेल तेव्हा आमच्या माणसांनी ते वाक्य वाचताना हेही ध्यानात ठेवावं.

ते वाक्य अजून तिथेच आहे. हल्ली मशीन लगेच चालू होतं, फाइल झटकन उघडते, आणि आधी तेच समोर येतं. ते वाचून मग मी खाली उतरतो, पुढच्या लेकीकडे.