बाकड्याखालचं बारसं

गावात आशाताई म्हणून मी घरोघरी फिरते. तोंडाची फटकळ आहे, पण कुलदेवीसमोर दिवा लावल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही. तरी एक कबुली आधी देते. आमच्या गल्लीतल्या कोमलच्या बाळाचं बारसं माझ्यामुळेच राहिलं होतं.

कोमल तेव्हा सतरा वर्षांची. लग्न लवकर झालेलं. गरोदरपणाच्या तपासणीत एचआयव्ही निघाला आणि सासरच्यांनी तिला घनसावंगीकडे, माहेरी आणून सोडलं. बाराव्या दिवशी पाळणा बांधला, पण ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याखालून बाळ घ्यायला गल्लीतली एकही बाई आली नाही. मी होते. पण मीच म्हणाले, “राहू दे. दीड वर्षानं बाळाची शेवटची तपासणी असते. रिपोर्ट चांगला आला की मंग धूमधडाक्यात करू.” मला वाटलं, मी धीर देतेय. तिनं ऐकलं ते वेगळंच: रिपोर्ट वाईट आला, तर या लेकराला नावसुद्धा नाही.

त्या पोरीनं दीड वर्ष स्वतःची एक गोळी चुकवली नाही, बाळाच्या औषधाचा एक थेंब सांडू दिला नाही. मी रोज देवीला रिपोर्ट मागत होते. आणि तपासणीच्या दिवशी, जालन्याच्या दवाखान्यात, खोलीच्या दाराशी ती अडून बसली. “ताई, मी आत येत न्हाई. मला कळायलाच नको.” मी देवीला डोळे मिटून एवढंच म्हणाले, आई, आता तूच बघ.

बाकड्यावर शेजारी गुडघेदुखीच्या एक आजी बसल्या होत्या, ओळख ना पाळख. त्यांनी विचारलं, “नाव काय गं लेकराचं?”

“न्हाई ठिवलं,” कोमल पुटपुटली.

“मंग आता ठिवू. आत्या न्हाई आली तर मी हाय की.” माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तू पलीकडे हो, बाई.”

दुखऱ्या गुडघ्यांनी त्या खाली बसल्या. दीड वर्षाचा तो गडी बाकड्यावरून, बाकड्याखालून आमच्या हातांतून फिरला आणि खदखदून हसायला लागला. बारा दिवसांच्या बाळाला जे द्यायला मी कचरले होते, ते मी तिथे रडत रडत दिलं. आजींनी कोमलकडे पाहिलं. तिनं आधी त्याच्या कानात सांगितलं, मग मोठ्यानं: “समाधान.”

आणि उठून आत गेली. कागदावर ‘कोमलचं बाळ’ लिहिलेलं होतं, ते तिनं खोडून ‘समाधान’ लिहायला लावलं.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. ते श्रेय औषधांचं आणि तिच्या जिद्दीचं. आम्ही बाहेर आलो तेव्हा आजी बाकड्यावर नव्हत्या, पाया पडायचंही राहून गेलं. त्यांना पाठवणारीला मी रोज हात जोडते. आता रिपोर्ट मागत नाही. नाव आपण ठेवायचं, पुढचं तिच्यावर सोडायचं, एवढं मला उशिरा का होईना कळलं.

कोमल आता माझ्यासोबत अशाच कोवळ्या आयांना भेटायला येते. सांगताना माझी छाती फुगते. गोळ्यांचं विचारायच्या आधी ती बाळाचं नाव विचारते. नसेल ठेवलं, तर पदर खोचून पाळण्याच्या पलीकडे स्वतः उभी राहते.