गेम पॅकचं बिल

माझा राग नाकावर नसतो, हातात असतो. वडिलांचाही तसाच होता. गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्या चाळीतल्या आमच्या खोलीत त्यांचा पट्टा रोज चालायचा, आणि मार बसला की माणूस खरं बोलतो अशी घरात सगळ्यांची पक्की समजूत होती. मी स्वतः न फोडलेल्या बरण्या कबूल केल्या होत्या. त्या दिवशी ते मला आठवलं नाही.

बोरीवलीच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी राहतो, मी, माझी आई आणि माझी मुलगी. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. एरवी पाचशेच्या आत येणारं माझं मोबाईलचं बिल त्या महिन्यात चार हजारांवर गेलं. खाली लिहिलं होतं, गेम पॅक खरेदी केला. मी गेम खेळत नाही, आई माझ्या फोनला हातही लावत नाही. मग उरलं कोण?

मी बोंबील तळत होते. उलथनं हातात घेऊनच तिला विचारलं.

"मी नाही घेतलं, मम्मी."

पहिला तडाखा पाठीवर बसला. परत विचारलं, परत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पैशांपेक्षा तिचं ते 'नाही' मला सहन होईना. तिसऱ्या वेळी उलथनं तिच्या मनगटावर बसलं आणि ती किंचाळली. ते तापलेलं आहे हे माझ्या लक्षात नव्हतं, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. लक्षात होतं.

आई आतून धावत आली. "अगो, मारून टाकतलंस काय तिका?" तिने माझा हात धरला, तर मी तिलाही ढकललं. ती फ्रिजवर आपटली.

तेव्हा मुलगी ओरडली, "मी दाबलं! मीच दाबलं बटण. आजीला नको मारू."

मला हायसं वाटलं, हे सांगायची आज लाज वाटते. तिच्या मनगटावर बर्फ धरायचं काम आईवर सोडून मी कंपनीला फोन लावला. म्हटलं, लहान मुलीकडून चुकून झालंय, तेवढे पैसे कमी करा. पलीकडचा माणूस मधाळ आवाजात म्हणाला, "म्हणजे खरेदी तुमच्याच घरून झाली आहे, बरोबर ना मॅडम?" मी बरोबर म्हटलं. तक्रार तिथेच बंद झाली. मी मुकाट्याने बिल भरलं, फोनचं लॉक बदललं आणि महिनाभर तो कोणाच्या हाती लागू दिला नाही.

पुढच्या बिलात गेम पॅक पुन्हा होता. बाजूला वार आणि वेळही छापली होती, मंगळवार, सकाळी अकरा. त्या वेळी मुलगी शाळेत होती आणि फोन ऑफिसात माझ्या पर्समध्ये होता. मी ती ओळ चार-पाचदा वाचली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि देणारी मी होते.

तशीच उठले आणि स्टेशनजवळच्या कंपनीच्या दुकानात गेले. टोकन घ्या म्हणाले. मी काउंटरवरचा मांडून ठेवलेला फोन उचलून भिंतीवर फेकला. सिक्युरिटीवाल्याने दंड धरला, त्याला नखांनी ओरबाडलं.

"ओ मॅडम, शांतीने घ्या ना जरा! पोलिसांना बोलवू काय?"

"बोलव रे, बोलवच! त्यांच्यासमोर सांग, बटण कोणी दाबलं ते!"

मॅनेजर बाहेर आला, तर मी त्याची कॉलर पकडली. त्याने तशाच अवस्थेत एका हाताने कॉम्प्युटरवर माझं खातं उघडलं. "मॅडम, सिस्टमचा प्रॉब्लेम आहे, आमची चूक आहे. या महिन्याचे लगेच कट करतो. पण मागच्या टायमाला तुम्हीच बोललात ना?" त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मागच्या तक्रारीपुढे लिहिलं होतं, मुलीने खरेदी केल्याचं ग्राहकाने मान्य केलं. मी कॉलर सोडली.

"मुलीने नाही केलं असं तिच्याकडून लिहून आणा," तो शर्ट नीट करत म्हणाला, "मग मागची एन्ट्री पण काढतो."

पैसे गेले खड्ड्यात. पण ते वाक्य मला तिथून पुसून हवं होतं.

घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. तू खरं बोलत होतीस, चूक माझी होती, असं म्हणून तिच्यासमोर हात जोडले. वहीचं पान फाडून तिने तारीख घातली, शाळेत शिकवल्याप्रमाणे 'प्रति, माननीय व्यवस्थापक' लिहिलं, आणि थांबली.

"पुढे काय लिहू?"

"जे झालं ते लिही, बाळा."

तिने आधी मान वळवून आजी कुठे आहे ते बघितलं. मग हळूच म्हणाली, "तसं नको ना. तूच सांग. मी दाबलं की नाही दाबलं? तू सांगशील तसं लिहिते."