शुक्रवारचे पप्पा रविवारी

आमच्या घरात पप्पा शुक्रवारचे होते. ओमानमधल्या जबल शम्सच्या डोंगरावर पर्यटकांचा एक कॅम्प होता, तिथलं मेंटेनन्सचं काम ते बघायचे. म्हणजे पाइप, पंप, गीझर, खोल्यांमधले हीटर, जनरेटर, जे बंद पडेल ते. गुरुवारी संध्याकाळी ते खाली मस्कतला यायचे आणि शनिवारी दुपारच्या जेवणानंतर परत जायचे. मी आणि आई मस्कतच्या अझैबा भागात, एका बेडरूमच्या भाड्याच्या घरात राहायचो. शाळा रविवार ते गुरुवार. त्यामुळे माझी शाळा आणि माझे पप्पा यांची कधी गाठच पडायची नाही.

यात विशेष काही नव्हतं. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत असंच होतं, आणि पप्पांच्या गावचे बरेच जण तर बायकामुलांना वर्षातून एकदाच भेटायचे. आई मला हे अधूनमधून सांगायची. ते खरं होतं, म्हणून मला तक्रार करता यायची नाही. तक्रार करायचा माझा स्वभावही नव्हता.

पण वर्गातल्या मुलींचं बोलणं मी ऐकत असायचे. त्यांना त्यांचे वडील गाडीने शाळेत सोडायचे, आणि सकाळी वर्गात येताच त्यांची कुरकुर सुरू व्हायची. खालून हॉर्न वाजवत बसतात. एसी चालू असताना खिडकी उघडतात. सगळ्या रस्ताभर मार्कांवरून बोलतात. मी वहीत काहीतरी रेघोट्या ओढत हे सगळं ऐकायचे. शुक्रवारचे पप्पा मला पुरेसे ठाऊक होते. शुक्रवारी मटण असायचं, संध्याकाळी समुद्रावर चक्कर असायची आणि कुणी कुणाला ओरडायचं नाही. शाळेच्या दिवशी सकाळी ते कसे असतात, घाईत असले की काय करतात, हे मला माहीत नव्हतं. अगदी लहान असताना माहीत असेलही, पण आठवत नव्हतं. मला त्यांच्यासोबत अशी एक साधी सकाळ हवी होती. ही गोष्ट मागायची कशी, हे काही मला सुचत नव्हतं.

मी नववीत असताना त्या डोंगरावर लवकर बर्फ पडला. पडला तर जानेवारीत पडतो, असं पप्पा म्हणायचे. त्या वर्षी डिसेंबर नुकता लागला होता. पर्यटकांचा हंगाम सुरू झाल्यामुळे आधीच्या दोन आठवड्यांत त्यांना सुट्टी मिळाली नव्हती, आणि त्या शुक्रवारीही ते आले नव्हते. शनिवारी सकाळी आईच्या फोनवर त्यांचा फोटो आला. तपकिरी खडक, खुरटी झाडं आणि त्यांवर कुणीतरी पीठ चाळून टाकल्यासारखा पांढरा थर. फोटोत पप्पा नव्हते, नुसती त्यांची सावली होती.

संध्याकाळी फोन आला तेव्हा आई बराच वेळ नुसतं हं, हं करत होती. मग तिने फोन खाली ठेवून मला सांगितलं. वरच्या खोल्यांचे पाइप गोठून फुटले होते. गरम पाणी बंद, पाहुणे चिडलेले. सामान आणायला अर्बाबने, म्हणजे कॅम्पच्या मालकाने, पप्पांना पिकअप घेऊन मस्कतला पाठवलं होतं. ते पहाटे निघणार होते. आपल्या भागातली हार्डवेअरची दुकानं आठला उघडतात, तोवर ते घरी असतील आणि सामान भरून लगेच वर जातील.

"म्हणजे तू शाळेत गेल्यावर येतील बहुतेक," आई म्हणाली. "रस्त्यात धुकं असेल तर उशीर होतो."

माझी बस सव्वासहाला यायची. मी गजर नेहमीपेक्षा लवकरचा लावला.

सकाळी उठले तेव्हा आई माझ्याही आधीपासून स्वयंपाकघरात होती. शाळेच्या दिवशी आम्ही दोघी ब्रेड-बटर खायचो, आईला सकाळी तव्याचा कंटाळा होता. त्या दिवशी तिने घावनांचं पीठ भिजवलं होतं आणि ती खोबरं वाटत होती. टेबलावर पाहुण्यांचे कप काढले होते. ते पाहून मला का कोण जाणे, राग आला. मी युनिफॉर्म घालून वेणी घालायला बसले, आणि एक वेणी झाली नाही तोच खाली पिकअप थांबल्याचा आवाज आला.

पप्पा वर आले ते छातीशी थर्मोकोलचा मोठा डबा धरून. कॅम्पच्या स्वयंपाकघरात किनाऱ्यावरून मासे यायचे ते असल्याच डब्यातून, त्यामुळे त्याला वास होता. अंगावर कानटोपीपासून दोन स्वेटरांपर्यंत सगळं, आणि इथे तर आम्हाला पंखा लागत होता. नाकाचं टोक लाल झालेलं. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उघड."

मी चिकटपट्टी ओढून काढली. आत करड्या रंगाचं पाणी होतं, आणि त्यात नारळाएवढा एक ओबडधोबड गोळा तरंगत होता.

पप्पा डब्यात वाकून बघत राहिले. त्यांनी तो बर्फ टाकीच्या छपरावरून काढला होता, जिथे कुणाचा पाय पडला नव्हता तिथून. डबा काठोकाठ भरला होता, असं ते दोनदा म्हणाले. थर्मोकोलमध्ये मासे दिवसभर टिकतात, मग हा कसा वितळला, हे त्यांना समजेना.

आईने पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग पप्पांकडे बघितलं.

"अहो, मीठ घातलंत की काय?"

"घातलं ना. दोन मुठी. टिकायला पाहिजे म्हणून."

"बांगडे होते का ते?"

पप्पांचं बालपण रत्नागिरीकडच्या एका बंदरावरच्या गावात गेलं. तिथे बर्फ म्हणजे फॅक्टरीतली लादी. ती फोडायची, खडेमीठ मारायचं आणि त्यात मासे थरावर थर रचायचे. शाळेत असताना त्यांनी हे काम केलं होतं. बर्फ डब्यात भरायचा म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप मिठाकडे गेला असणार. मिठाने बर्फ उलट लवकर वितळतो, फक्त ते पाणी जास्त गार राहतं, आणि माशांना तेवढंच पुरतं, हे मी त्याच वर्षी शाळेत शिकले होते. पण मी ते बोलले नाही. त्यांना आत्ता ते कळायची गरज नव्हती.

आई हसायला लागली. ओट्याला टेकून, पदर तोंडाला लावून ती हसत होती, आणि मध्येच "कालवण लावू का?" असं म्हणत होती. पप्पा आधी ओशाळले, मग तेही हसले. मी डब्यात मनगटापर्यंत हात घातला. ते पाणी एवढं गार होतं की बोटं दुखली. मी तो गोळा उचलून दोन्ही हातांत धरला. बाहेरून तो साधा बर्फ होता, पण एका बाजूने दाबला तेव्हा तिथे आत तो भुसभुशीत होता, आणि बोटाचा ठसा उमटला.

"पडताना आवाज येत नाही त्याचा," पप्पा म्हणाले. "पावसाचा येतो. हा नुसता येऊन बसतो. सकाळी दार उघडलं तेव्हा कळलं."

एवढं सांगून ते बाथरूममध्ये गेले आणि दाराला कडी लागली.

आमच्याकडे बाथरूम एकच. त्या वेळी ती माझी असायची. माझी एक वेणी बाकी होती, दात घासायचे होते, आणि आतून निवांतपणे नळ सोडल्याचा आवाज येत होता. दाढी चालली होती. मी दारावर थाप मारली आणि बस येईल म्हणून सांगितलं. आतून "झालं, झालं" असं उत्तर आलं आणि नळ तसाच चालू राहिला. मी पुन्हा थाप मारली, जरा जोरात. वर्गातल्या मुली ज्या आवाजात आपल्या वडिलांबद्दल बोलायच्या, तो आवाज मला माझ्याच तोंडून ऐकू आला. शुक्रवारी मी असं कधीच केलं नसतं. मला इतकं बरं वाटलं की त्यांनी आणखी थोडा वेळ लावला तरी चालेल असं मनात आलं.

ते बाहेर आले तेव्हा कानाखाली साबणाचा फेस राहिला होता. तोवर आईने तवा तापवला होता. तिने त्यांना बसायला सांगितलं. गरम घावनं, चटणी आणि गुळातला नारळाचा रस, असं सगळं देते म्हणाली. पप्पांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही काय खाते रोज?"

"ब्रेड," आई म्हणाली. "पण तुम्हाला कशाला ब्रेड? वर मेसमध्ये तेच खाता ना."

"मग मलाही ब्रेडच दे. ही खाते तसा."

आईचं तोंड उतरलं. पहाटेपासून ती त्यांच्यासाठी राबली होती आणि मला ते दिसत होतं. तरीही त्या क्षणी मी तिच्या बाजूची नव्हते. मी टोस्टरमध्ये आणखी दोन स्लाइस टाकले. पाहुण्यांचे कप उचलून परत कपाटात ठेवले आणि आमचे रोजचे मग काढले. पप्पांचा असा मग नव्हता, म्हणून त्यांना माझा दिला आणि मी स्टीलच्या पेल्यात दूध घेतलं. आई बघत होती. मग तिने पीठ झाकून फ्रिजमध्ये ठेवलं आणि स्वतःही आमच्याबरोबर बसली. घावनं ती डब्यात घालून त्यांच्यासोबत देणार, असं तिने जाहीर केलं. त्यावर दोघांचं थोडं वाजलं, कारण घावनं वर पोचेपर्यंत चिवट होतात असं पप्पांचं म्हणणं होतं.

आम्ही तिघं ब्रेड खात होतो. पप्पांनी बटर सुरीने न लावता चमच्याने लावलं. ते ब्रेडची कड आधी खातात आणि मधला मऊ भाग शेवटी ठेवतात, हे मला तेव्हा कळलं.

खाली बसचा हॉर्न वाजला. मी दप्तर उचललं. वेणी एकच होती. उठताना माझा पाय खुर्चीला अडकला, आणि मी तशीच थांबले. आई माझ्याकडे बघत होती. तिने फोन घेतला आणि ड्रायव्हरला हिंदीत सांगितलं, आज बेबी नहीं आयेगी बस से, उसके पप्पा छोडेंगे.

"अहो, सोडाल ना? तुम्हाला झोप आली असेल तर..."

"सोडतो," पप्पा म्हणाले आणि चहा संपवला.

दुसरी वेणी आईने घातली, घट्ट, नेहमीसारखी दुखेल अशी.

पिकअपमध्ये मागे पाइपांचे जुने तुकडे खडखडत होते. पप्पांना माझ्या शाळेचा रस्ता माहीत नव्हता. मी त्यांना डावीकडे, उजवीकडे सांगत होते, आणि एका राउंडअबाउटला मी उशिरा सांगितल्यामुळे आम्हाला पूर्ण फेरी मारावी लागली. त्यांनी खिडकी उघडली होती. पुढचा माणूस हळू चालवत होता, त्याला ते "यल्ला, यल्ला" म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, गणितात किती मिळाले. मी सांगितलं. ते म्हणाले, आणखी मिळायला हवे होते. मी म्हटलं, हो. त्यांनी विचारलं, मैत्रिणी आहेत का. मी म्हटलं, आहेत. एक आहे, असं सांगायचं होतं, पण तेवढ्यात फाटक दिसायला लागलं.

फाटकासमोर गाड्यांची लांब रांग होती. आमची पिकअप सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत धुळकट. रांग हळूहळू पुढे सरकत होती, आणि ती आणखी हळू सरकावी असं मला वाटत होतं. आमच्या पुढे दोनच गाड्या राहिल्या तेव्हा मी म्हटलं, "पप्पा, उद्या पण सोडाल?"

मी ते विचारेन असं मला वाटलं नव्हतं. उद्या ते कुठे असतील हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी स्टीअरिंगवरचे हात काढले नाहीत. समोरच्या गाडीतून एक मुलगा उतरला आणि दार जोरात आपटून गेला.

"मला पण आवडलं असतं," पप्पा म्हणाले. एवढंच. त्यांनी मला इन्शाल्ला म्हणून टाळलं नाही, याचं मोल मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

मागून हॉर्न वाजला. ड्युटीवरच्या मॅडम हाताने पुढे चला, पुढे चला करत होत्या. मी उतरले. दार पहिल्या वेळी नीट लागलं नाही, ते पुन्हा उघडून लावावं लागलं, आणि त्या दोन सेकंदांत पप्पा म्हणाले, "डबा खा नीट." मग ते रांगेबरोबर पुढे गेले.

असेंब्लीत माझी मैत्रीण शेजारी उभी होती. तिने मला उतरताना बघितलं होतं. बसने का नाही आलीस, तुझे डॅड इथे आहेत का, असं तिने हळूच इंग्रजीत विचारलं. मैदानाच्या भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. दुकानं उघडायला अजून वेळ होता. आत्ता पप्पा घरी पोचले असतील, आईशी घावनांवरून बोलत असतील, नाहीतर सोफ्यावर पाय पसरून तेवढ्यापुरती डुलकी काढत असतील. पहिला तास संपेपर्यंत ते शहरातच होते.

"आहेत," मी म्हटलं.

प्रार्थना सुरू झाली आणि मी हात जोडले.